वन्समोअर आणि पुरे

(आकाशवाणीवरून केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

बालगंधर्व आणि ‘आभाळमाया’ ही दोन नावं एका दमात घेतली की जाणकारांच्या कपाळाला आठ्या पडतात. नाट्यसंगीताचा दर्दी मालिकांना नाकं मुरडतो, आणि एकही मालिका न चुकवणाऱ्याला नाट्यपदं म्हणजे आजोबांच्या जमान्यातली आळवणी वाटते. मी दोन्हीकडची. गेली पन्नासएक वर्षं दोन्हींवर सारखाच जीव लावला आणि त्या जिव्हाळ्यातूनच मनात एक तक्रार तयार झाली. ती ना कलावंतांबद्दल आहे, ना फारशी वाहिन्यांबद्दल. ती आपल्याबद्दल, म्हणजे पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांबद्दल आहे. आवडत्या नाटकांविषयी आणि मालिकांविषयी बोलता बोलता तीही सांगून टाकते.

आमचं वेळापूर सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातलं. अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ आणि आषाढी वारीत माउलींच्या पालखीचा मुक्काम, या दोन गोष्टींसाठी लोकांना ठाऊक असलेलं गाव. नाट्यगृह म्हणावं असं माझ्या लहानपणी काही नव्हतं. नाटक पाहायचं तर सोलापूर गाठायचं, नाहीतर पुणं, आणि रात्रीचा खेळ सुटल्यावर परतीची एसटी सकाळशिवाय नाही. जत्रेत तमाशा यायचा, पण त्या काळी घरच्या बायकांनी तिकडे फिरकायची पद्धत नव्हती. आमच्या वाट्याला हक्कानं आलं ते भारूड. दिंडीतला एखादा गडी लुगडं नेसून सासुरवाशीण व्हायचा, विंचू चावल्यासारखा थयथयाट करायचा, साऱ्या बायाबापड्यांना पोट धरून हसवायचा आणि हसता हसताच एकनाथांनी जे सांगायचं ठेवलंय तिथे आणून सोडायचा. पाव तासात खेळ खलास. पुढच्याला जागा द्यायची असते, पहाटे दिंडीला चालायचं असतं. गाणं, सोंग, गोष्ट, सगळं त्यात होतं, आणि थांबणंही होतं. नाटक कसं असावं याचा माझा पहिला धडा हाच.

संगीत नाटक मात्र आमच्याकडे आलं ते कानानं. आकाशवाणीवर नाट्यसंगीत लागायचं, त्यात ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ यांतली पदं वरचेवर यायची. रंगमंच कसा दिसतो हे पाहण्याआधी ती पदं मला पाठ होती. सुभद्रा मी मनातच रंगवली होती. ती आमच्या गल्लीतल्या एका नुकतंच लग्न ठरलेल्या मुलीसारखी दिसायची. पुढे सोलापूरला हुतात्मा स्मृती मंदिरात प्रत्यक्ष ‘सौभद्र’ पाहिलं आणि जरीच्या शालूतली दुसरीच कोणी सुभद्रा समोर आली, तेव्हा थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं.

‘सौभद्र’वर माझं विशेष प्रेम. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं आणि मराठी संगीत नाटकाची वाट खुली झाली. साकी, दिंडी अशा कीर्तनातून लोकांच्या ओळखीच्या झालेल्या चाली त्यांनी घेतल्या, म्हणून साध्या माणसालाही ती पदं परकी वाटली नाहीत. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं. पात्रं महाभारतातली, पण घर आपलंच. थोरला भाऊ बहिणीचं लग्न नको त्या ठिकाणी ठरवतो, धाकटा वरवर मान डोलावतो आणि आतून सूत्रं हलवतो, बहीण बिचारी रडून अर्धी होते. आजच्या भाषेत सांगायचं तर ही मराठीतली पहिली कौटुंबिक मालिकाच. फरक एवढाच, की ती एका रात्रीत संपायची.

देवलांच्या ‘शारदा’बद्दल एकच सांगते. म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात कोवळी पोर बांधायला निघालेल्या बापाची ती गोष्ट १८९९ सालची. पुढे १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. त्याचं बोलीतलं नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडलं. पण आमच्याकडच्या कित्येक म्हाताऱ्या बायकांची पक्की समजूत होती, की तो शारदेच्या नाटकामुळेच झाला. ही समजूत दुरुस्त करावी असं मला कधी वाटलं नाही.

आता वन्समोअरकडे येते. पद रंगलं की प्रेक्षकांतून आरोळी उठायची आणि नट ते पुन्हा म्हणायचा. देणाऱ्यालाही आनंद, घेणाऱ्यालाही. बालगंधर्वांच्या काळात हा लोभ शिगेला पोचला. खाडिलकरांचं ‘मानापमान’ १९११चं, गोविंदराव टेंब्यांच्या चालींचं. ‘स्वयंवर’ १९१६चं, भास्करबुवा बखल्यांच्या चालींचं. ‘स्वयंवर’मध्ये पन्नासावर पदं, त्यावर वन्समोअर. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चाले. मी तिथे असते तर मीही वन्समोअर दिलाच असता, त्यात शंका नाही. तो आवाज नुसत्या जुन्या ध्वनिमुद्रिकेवर ऐकला, तरी अजून हातातलं काम थांबतं. पण रुक्मिणीला कृष्ण मिळतो की नाही, याची काळजी चौथ्या वन्समोअरनंतर कोणाला उरत असेल? नाटक मागे सरलं आणि मैफल पुढे आली.

मग १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला. त्यात गाणं होतं, गोष्ट होती आणि माणसाला वेळेत घरी जाऊन झोपता येत होतं. ‘मानापमान’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे स्वतःच त्यात हरिश्चंद्र होऊन उभे राहिले. तीन वर्षांनी बालगंधर्वही प्रभातच्या ‘धर्मात्मा’त पडद्यावर आले, संत एकनाथांच्या भूमिकेत. भारूडकार एकनाथांच्या! हा योग मला नेहमी गंमतीचा वाटतो. संगीत नाटकाला ओहोटी लागण्याची कारणं पुष्कळ होती. मंडळ्यांवर कर्जं झाली होती, थाटमाटाचा खर्च होता, सिनेमा तर होताच. पण लांबण हे एक खरं कारण होतं, आणि ती लांबण प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून मागून घेतलेली होती.

म्हणून साठच्या दशकातलं जितेंद्र अभिषेकींचं काम मला फार मोलाचं वाटतं. १९६४च्या ‘मत्स्यगंधा’पासून त्यांनी नाट्यपद आटोपशीर केलं. पद प्रसंगातून उगवावं आणि काम झालं की बाजूला व्हावं, असं त्यांनी पाहिलं. त्याचं शिखर म्हणजे १९६७ साली आलेलं पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’. या नाटकात गाणं काढून टाकलं तर गोष्टच उरत नाही, कारण गोष्ट गाण्याचीच आहे. दरबारी गायकाचा मान आणि त्याच्याबरोबर मिळणारी कट्यार, ती धारण करणाऱ्याला एक खून माफ. ती आपल्याकडे यावी म्हणून जळणारे खाँसाहेब आफताब हुसेन आणि विद्येसाठी आलेला सदाशिव. वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब मी रंगमंचावर पाहिले नाहीत, रेडिओवर आणि कॅसेटवर ऐकले. पण ऐकूनही कळत होतं, की हा माणूस गाताना दुष्ट राहूच शकत नाही. तान संपते आणि पुन्हा तोच हेवा परत येतो. नाटक त्या दोन क्षणांच्या मध्ये आहे.

आणि सदाशिव. ज्यानं आपल्या गुरूचं घर बुडवलं त्याच्याच घरात लपूनछपून कान देऊन त्याची विद्या उचलणारा मुलगा. मला वाटतं, आमच्यासारख्या गावांनी संगीत नाटक असंच शिकून घेतलं. रेडिओ सगळ्यांकडे नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांच्या ओट्यावर दुसऱ्यांनी बसायचं, दार अर्धवट उघडं, आतून पेटी-तबल्याचा आवाज. कोणी शिकवलं नाही, कोणी बोलावलंही नाही. २०१५ साली सुबोध भाव्यांनी ‘कट्यार’चा चित्रपट केला. त्यात खाँसाहेबांसाठी गायले ते वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. तेव्हा आमच्याकडची कॉलेजातली पोरं महिनाभर मोबाइलवर तीच गाणी वाजवत होती. नाट्यसंगीत आवडत नाही म्हणणारी पोरं ती हीच.

याच ओघात ‘घाशीराम कोतवाल’चं नाव घ्यायला हवं. १९७२चं तेंडुलकरांचं नाटक, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं. जब्बार पटेलांचा जन्म पंढरपूरचा, म्हणजे आमच्या शेजारचाच, याचा आम्हाला उगाचच अभिमान. कीर्तन, लावणी, अभंग हे सगळं त्यात होतं, आणि माणसांचीच भिंत रंगमंचावर उभी राहायची. त्या नाटकातलं राजकारण आणि त्यावरचा गदारोळ हा वेगळा विषय. मला त्यातली शिस्त आवडते. एकही पद पाहुण्यासारखं रेंगाळत नाही.

दूरचित्रवाणी आमच्या भागात उशिरा आली. मुंबई दूरदर्शन १९७२चं. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ मुंबई-पुण्याच्या लोकांनी पाहिले, आम्ही त्यांच्याबद्दल ऐकलं. १९८४ साली देशभर एकामागून एक प्रक्षेपण केंद्रं उभी राहू लागली आणि त्यानंतर आमच्याकडच्या पत्र्यांवरही अँटेना दिसू लागले. तेव्हाच्या दूरदर्शनची एक गोष्ट मला आता शहाणपणाची वाटते. मालिका तेरा-तेरा भागांच्या मापात मंजूर व्हायच्या, आणि आठवड्यातून एकदाच. लिहिणाऱ्याला ठाऊक असायचं, की आपल्याला कुठं पोचायचं आहे.

अर्थात तिथंही वन्समोअर होताच. रामानंद सागरांचं ‘रामायण’ जानेवारी १९८७ मध्ये सुरू झालं. आधी बावन्न भागांचं ठरलेलं ते वाढत वाढत अठ्ठ्याहत्तरवर गेलं. जुलै १९८८ मध्ये ते संपलं तरी लोकांचं समाधान झालं नाही, पुढची लवकुशाची कथा आणावीच लागली. रविवारी सकाळी वेळापूरच्या पेठेत शुकशुकाट असायचा. ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या बैठकीत पायताणांचा ढीग. २०२० साली टाळेबंदीत तेच ‘रामायण’ पुन्हा लागलं, तेव्हा मी नातवंडांना घेऊन बसले. त्यांना बाणांची गंमत वाटेना, ती हसत होती. पण वनवासाला निघण्याचा भाग आला आणि दोन्ही पोरं गप्प झाली. चित्रीकरण जुनं झालं, प्रसंग जुना झाला नव्हता.

मराठीतली पहिली दैनंदिन मालिका ‘दामिनी’, १९९७ची. प्रतीक्षा लोणकरांनी रंगवलेली ती पत्रकार बाई कामावर जायची, प्रश्न विचारायची, कोणाच्या परवानगीची वाट बघायची नाही. आमच्या आळीतल्या बायका भांडी तशीच ठेवून ती पाहायच्या. आणि १९९९ साली ‘आभाळमाया’ आली. विनय आपट्यांचं दिग्दर्शन, सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी. आमच्या घरात या मालिकेची गंमत अशी, की शीर्षकगीत सुरू झालं की पुरुषमंडळीही आत यायची आणि गाणं झालं की परत ओट्यावर. गीत मंगेश कुळकर्णींचं, चाल अशोक पत्कींची, आवाज देवकी पंडितांचा. देवकी पंडितांच्या गुरूंमध्ये जितेंद्र अभिषेकी आहेत. म्हणजे ज्या माणसानं ‘कट्यार’ला सूर दिले, त्याच्या शिष्येचा आवाज रोज आमच्या स्वयंपाकघरात येत होता. पूर्वी नाटकाआधी नांदी व्हायची, तिची जागा आता या शीर्षकगीतांनी घेतली, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. पुष्कळ मालिकांची गोष्ट विसरून गेले, शीर्षकगीत मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत येतं.

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही माझी सर्वांत लाडकी मालिका. २००१ साली सुरू झाली. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वरून केलेली, केदार शिंद्यांच्या दिग्दर्शनाखाली. कट नाही, कारस्थान नाही, विष नाही. एक आबा, मुलगा, सून, दोन नातवंडं. दर भागात काहीतरी किरकोळ घडायचं, आबा टिपरे त्याची डायरीत नोंद करायचे आणि दिवा मालवायचा. पुढच्या आठवड्यापर्यंत आम्हीही त्यावर बोलत बसायचो. दोन भागांमध्ये मोकळी जागा असली की मालिका आपल्या डोक्यात चालू राहते. रोजच दाखवली तर तिला डोक्यात शिरायला फुरसतच मिळत नाही.

त्याच वर्षी सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ २०१३ पर्यंत चालली. भाग तीन हजारांवर. चार दिवसांची अकरा वर्षं! रोहिणी हट्टंगडींसारखी अभिनेत्री होती म्हणून ती पेलली. पण तेव्हापासून दैनंदिन मालिकांना ती चटकच लागली. टीआरपी म्हणजे दुसरं काय आहे? टाळ्या न वाजवता दिलेला वन्समोअर. लोक पाहतायत म्हटलं की लग्न मोडायचं, मेलेला माणूस परत आणायचा, स्मृती घालवायची, परत आणायची. एका माणसानं दार उघडलं की घरातल्या आठही जणांचे चेहरे तीन-तीनदा दाखवायचे. एका काळी पदांच्या वन्समोअरनं नाटकाची गोष्ट मागे टाकली, तसंच इथं चाललं आहे. फक्त त्या वेळी निदान गाणं तरी बालगंधर्वांचं होतं.

इतकं बोलून झाल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. माझ्या सासूबाई शेवटची काही वर्षं एक मालिका पाहायच्या. नाव सांगत नाही. पाय गेले होते, बाहेर जाणं बंद होतं. पण संध्याकाळी त्या हट्टानं उठून बसायच्या, वेणी घालून घ्यायच्या, पदर नीट करायच्या. का, तर ‘मान्सं याची येळ झाली’. ती पडद्यावरची माणसं. त्यातल्या एका पोरीचं फार वाईट चाललं होतं आणि सासूबाईंना तिची मनापासून काळजी. मला म्हणायच्या, ‘आगं, तिचं काय हुतंय ते तेवढं कळू दे, मग नेऊ दे इठ्ठलानं.’ ते कळायच्या आत विठ्ठलानं नेलं. मालिका त्यानंतर तीन वर्षं चालली आणि त्या पोरीचं जे काय झालं ते घाईघाईत चार भागांत उरकलं. मी तो शेवट पाहिला. सासूबाईंना तो पसंत पडला नसता.

आता यात चूक कोणती म्हणायची? मालिका वेळेत संपली असती तर त्यांना शेवट मिळाला असता. पण मग उरलेल्या संध्याकाळी कोणासाठी त्या वेणी घालून बसल्या असत्या? शहाणी माणसं मालिकांना हसतात तेव्हा ही संध्याकाळ त्यांच्या हिशेबात नसते. मी लांबणीवर चिडते, पण ती वेणी माझ्या हिशेबात आहे.

तरीही थांबता येतं, हे करून दाखवणारे आहेत. २०१७ साली मुक्ता बर्वेंची ‘रुद्रम’ आली, सूडाची गोष्ट, काही महिन्यांत ठरल्या जागी संपली. आमच्या घरात पहिल्यांदाच असं झालं, की मालिका संपल्यावर कोणी ‘सुटलो’ म्हटलं नाही.

आणि त्याच वर्षी रंगभूमीवर ‘संगीत देवबाभळी’ आलं. प्राजक्त देशमुखांचं लेखन-दिग्दर्शन, आनंद ओकांचं संगीत, भद्रकालीची निर्मिती. मी ते पुण्याला पाहिलं. आमच्या गावाचं तुकोबांशी एक नातं आहे. वेळापूरजवळच्या टेकडीवरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. म्हणून वारकरी अजून त्या उतारावरून पळत खाली येतात. आम्ही त्याला धावा म्हणतो. जन्मभर तो धावा पाहिला, डोळे भरूनही आले. पण धावणाऱ्याच्या घरी कोण होतं, याचा विचार या नाटकानं करायला लावला. पोटुशी आवली नवऱ्याची भाकरी घेऊन डोंगराकडे निघते, पायात काटा मोडतो, ती बेशुद्ध पडते. तो काटा खुद्द विठ्ठल काढतो आणि तिची उस्तवार करायला रखुमाईला लखुबाई करून तिच्या घरी पाठवतो. शुभांगी सदावर्तेंची आवली, मानसी जोशींची लखुबाई. रंगमंचावर फक्त या दोघी. एकीचा नवरा देवापायी घर विसरलेला, दुसरीचा नवरा तर देवच, भक्तांपायी घर विसरलेला. दोघी चूल, पाणी, जखम यांच्याबद्दल बोलतात आणि बोलणं पुरेनासं झालं की गातात. गाणं कुठून सुरू झालं ते कळत नाही. मी इतकी वर्षं संगीत नाटकात जे शोधत होते ते हेच.

त्या प्रयोगात एका पदानंतर मागच्या रांगेतून कोणीतरी वन्समोअर दिला. शेजारच्या बाईंनी वळून त्याच्याकडे असं पाहिलं, की तो खाली बसला. दोघी पुढचं वाक्य बोलल्या होत्या.

२०२३ साली निर्मात्यांनी या नाटकाचे निरोपाचे प्रयोग जाहीर केले. लोकांची गर्दी असताना. आमच्याकडच्या बायका मला विचारू लागल्या, चांगलं चाललंय तर बंद का करतात? त्यातल्या बहुतेकींनी ते पाहिलेलं नव्हतं, मी सांगितलेलं ऐकलं होतं. पालखीच्या मुक्कामाला वेळापूरच्या तळावर हजारो माणसं उतरतात, त्या रात्री तिथंच या दोघींनी उभं राहावं, असं माझ्या फार मनात होतं. पेट्रोमॅक्सच्या उजेडात का होईना. मी बायकांना काटा मोडण्यापासून सगळी गोष्ट पुन्हा सांगितली. लखुबाई निघून जाते तिथे आल्यावर एकजण म्हणाली, ‘बास. हितनं फुडं नगा सांगू.’